ओवी तिची, गोष्ट माझी

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून झालेला हा कार्यक्रम. अनेक गटांनी मागितला, म्हणून छापत आहोत.)



आज बियाणं नाही, कर्ज नाही, रेशनकार्डही नाही. आज आपण कवितेबद्दल बोलणार आहोत. “आम्हांला कुठं कविता कळते?” असं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. तुम्हांला कविता कळते. लग्नघरात हळदीचं जातं मांडलं जातं, एखादी म्हातारी आजी लेकीच्या पाठवणीची ओवी म्हणते आणि नवरीच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. ती ओवी आजीनं या आईसाठी रचलेली नसते. आजीनंही ती कुणाकडून तरी ऐकलेली असते. जिनं पहिल्यांदा रचली तिचं नाव-गाव कुणालाच ठाऊक नसतं. तरी या आईला वाटतं, ही माझीच गोष्ट हिला कुणी सांगितली?

हे कसं होतं, तेच आज पाहू. परक्या बाईच्या शब्दांत आपण कसे सापडतो? आणि सापडलो तर त्याचं पुढं काय करायचं?

जनाबाईचं जातं

सुरुवात करू आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या जनाबाईपासून. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे तिचं गाव. पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी ती दासी म्हणून राहिली. या गोष्टीला आता सुमारे ७०० वर्षं झाली. तिच्या अभंगांत काय आहे? दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, पाणी आणणं आहे, शेण वेचणं आहे. म्हणजे जे काम आपल्या आया-आज्यांनी जन्मभर केलं, तेच. आणि या कामात तिचा विठ्ठल तिच्या सोबतीला येतो, तिच्याबरोबर दळू लागतो.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. जनाबाईनंतर कितीतरी शतकांनी जन्मलेली. पहाटे चारला उठून ती एकटीच जात्यावर बसली आहे. घर झोपलेलं आहे. जातं जड असतं, दोघी समोरासमोर बसल्या तर बरं पडतं, पण दुसरी कुणी नाही. ही बाई संत नाही, कुणाच्या घरची दासीही नाही. ती घरची सून आहे. पण जनीच्या जात्याला हात लावायला कुणीतरी आलं, एवढं ऐकलं आणि तिला तिथं आपली जागा दिसली. आपल्याही समोर कुणी बसावं, ही तिच्या मनातली गोष्ट जनीनं आधीच बोलून ठेवली होती.

आणि आपल्या बाया नुसतं ऐकून थांबल्या नाहीत. त्यांनी जनी आणि विठ्ठल यांच्यावर स्वतःच्या ओव्या रचल्या. हे आम्ही अंदाजानं सांगत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या पुण्यातल्या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या मिळाल्या. त्यांतल्या बऱ्याच ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर वाचता येतात, काही बायांच्या आवाजात ऐकताही येतात. त्यांत जनी आणि विठ्ठलाच्या ओव्या भरपूर आहेत. एका बाईनं अभंग रचला, त्यात दुसऱ्या बाया सापडल्या आणि त्यांनी आपलं त्यात मिसळलं. पुढची आणखी कुणी तरी या नव्या ओवीत सापडली. असं हे शेकडो वर्षं चाललं आहे.

परकी कविता आपली का होते?

याची कारणं साधी आहेत. तीन सांगतो.

पहिलं कारण आहे ‘मी’ आणि ‘माझा’ हे शब्द. गावातली बातमी सांगताना आपण म्हणतो, “तिचा भाऊ आला नाही.” ओवीत मात्र “माझा भाऊ” असतो. ती ओवी म्हणायची, तर ‘माझा’ हा शब्द आपल्याच तोंडून येतो. तो उच्चारताना दुसऱ्या कुणाचा भाऊ आठवत नाही, आपलाच आठवतो. ओवीत तर आपल्यासाठी मुद्दाम जागाही ठेवलेली असते. मुलाला राघू म्हणायचं, मुलीला मैना म्हणायचं. म्हणजे ज्या घरी म्हटली जाईल, त्या घरचा राघू आणि त्या घरची मैना. कुठं भावाचं नाव घालायचं, कुठं आपल्या गावाचं. घरोघरच्या मापाचं परकर-पोलकं शिवावं, तशी ही रचना आहे. थोडं इकडं-तिकडं केलं की अंगाला बसते.

दुसरं कारण म्हणजे वस्तू. “संसारात फार दुःख असतं” असं कुणी म्हटलं, तर आपण मान हलवतो आणि विसरून जातो. पण चुलीवरचा तवा, उंबरा, विहिरीचा काठ, फाटलेला पदर असं काही समोर आलं की मन थांबतं. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या असोदे गावात १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात राबताना गाणी सुचायची, जात्यावर बसल्या की ओठांवर यायची. लहान वयात वैधव्य आलं, मुलं मोठी करायची होती. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि घरच्यांनी आईची गाणी लिहून ठेवली, म्हणून ती उरली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं.

या गाण्यांची बोली खानदेशातली. कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या बाईला त्यातले सगळे शब्द कळतीलच असं नाही. पण संसाराबद्दल सांगताना बहिणाबाईंनी तवा पुढं ठेवला. मनाबद्दल सांगताना पिकात शिरणारं ढोर पुढं ठेवलं. सुगरण पक्षिणीचा खोपा दाखवला. तव्याचा चटका कुठल्या बाईला बसलेला नाही? पिकात घुसलेलं ढोर कोण हाकलत धावली नाही? ऊसतोडीला जाणाऱ्या ताईची कोपी, तीन दगडांची चूल आणि मागं शेजारणीकडं ठेवलेलं लेकरू यांतलं काहीच बहिणाबाईंच्या गाण्यात नाही. पण तव्याचं गाणं ऐकताना तिला तीच चूल दिसते. वस्तू ओळखीची असली की आपण तिच्यामागून आपलं सगळं घरच कवितेत घेऊन जातो.

तिसरं कारण म्हणजे न सांगितलेली गोष्ट. जात्यावरची ओवी किती छोटी असते! दोन-तीन ओळी. भाऊ का आला नाही, गरिबी होती की भावजयीनं अडवलं, पुढं आला की नाही, हे काही त्यात नसतं. ती रिकामी जागा ऐकणारी भरते. ज्या ताईचा भाऊ वारला आहे, ती एक भरते. जिचा भाऊ जमिनीच्या वाटणीवरून बोलत नाही, ती दुसरं भरते. ओवी एकच, पण दहा जणींनी ऐकली तर दहा भाऊ उभे राहतात.

वय वाढतं तशी ओवी बदलते

दहा जणींचं राहू द्या. एकाच बाईला एकच ओवी वेगवेगळ्या वयात वेगवेगळी लागते. लेक सासरी निघाल्याची ओवी घ्या. बारा-तेरा वर्षांची पोर ती पाठ करते, तिला चाल आवडते. लग्नानंतर पहिल्या वर्षी तीच ओवी ऐकताना ती त्यातली लेक होते. वीस वर्षांनी स्वतःच्या मुलीचं लग्न काढते, तेव्हा ती त्यातली आई होते. आणि सून घरात आली की तीच ओवी तिला विचारते, “बाई गं, ही दुसऱ्याची लेक तुझ्या दारात आली आहे. हिला कशी वागवणार?”

म्हणून कवितेचा ‘बरोबर अर्थ’ सांगा, असं कुणी विचारलं तर घाबरून जाऊ नका. शाळेत परीक्षेला एक उत्तर लिहावं लागायचं, ते तेवढ्यापुरतं. पण एक शिस्त मात्र आपण पाळायची. “बहिणाबाई असं म्हणतात” आणि “मला ऐकून असं वाटलं” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जे कवयित्रीच्या शब्दांत आहे, ते तिच्या नावावर. जे आपल्या आयुष्यातून आलं, ते आपल्या नावावर. तिच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचं नाही आणि आपलं म्हणणं तिच्यामागं लपवायचंही नाही.

ओवीचा आडोसा

लपवण्याचं निघालंच आहे, तर एक महत्त्वाचं बोलू. पूर्वीच्या बाया ओवीचा आडोसा घेत होत्या, आणि त्यांना तो लागतच होता. सासुरवासाच्या कितीतरी ओव्या आहेत. सासूचा जाच, नवऱ्याचा राग, माहेरची ओढ. दिवसा हे बोलायची सोय नव्हती. पहाटे जात्याच्या घरघरीत मात्र बोलता यायचं. सासूनं आतून ऐकलं तरी काय म्हणणार? ओवी तर जुनीच आहे, सगळ्या जणी म्हणतात. सुनेनं आपलं दुःख बोलून घेतलं, आणि बोलली ती ओवी. ऐकणारी सासूही एके काळी सून होती, तिचीही कूस बदलायची.

मग गावात पिठाची गिरणी आली. चांगलंच झालं. पाठ मोडायची, हाताला घट्टे पडायचे, ते वाचलं. पुन्हा जात्यावर बसा, असं आम्ही कुणालाच सांगणार नाही. पण जात्याबरोबर बायांची बोलायची एक जागाही गेली. आज सासूच्या, नवऱ्याच्या, शेजारणीच्या देखत मनातलं कुठं बोलायचं? फोन आहे, पण तो घरातल्या कुणाच्याही हातात असतो. बँकेच्या रांगेत बोलता येत नाही. गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि सह्या यांतच वेळ जातो.

आमचं म्हणणं असं की ही जागा गटात करता येईल, आणि ती कवितेनं सुरू करणं सोपं जाईल. “तुला घरात काय त्रास आहे?” असं थेट विचारलं तर कुणीच सांगणार नाही. सांगितलं तर उद्या गावभर होईल, ही भीती असते. पण एक ओवी म्हणा आणि विचारा, “या बाईला काय वाटत असेल?” मग प्रत्येक जण बोलते. सुरुवातीला ‘त्या बाई’बद्दल बोलते. बोलता बोलता कधी तरी ‘ती’चं ‘मी’ होतं, किंवा होतही नाही. दोन्ही चालेल.

सापडलो, पुढं काय?

आता जरा कडू बोलू. कवितेत आपलं दुःख सापडलं की मन हलकं होतं. इथून दोन वाटा फुटतात.

एका वाटेनं गेलं की आपण म्हणतो, “पूर्वीपासून असंच चालत आलं आहे, बाईचा जन्मच असा.” डोळे पुसतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी तोच मार, तीच बोलणी. दुसऱ्या वाटेनं गेलं की आपण म्हणतो, “म्हणजे हे माझ्या एकटीचं नाही. माझ्या नशिबाचं किंवा माझ्या चुकीचं नाही. इतक्या जणींना हेच होत असेल, तर यात बदलण्यासारखं काहीतरी आहे.” दोन्ही वाटांवर ओवी एकच होती. फरक पडतो तो ऐकल्यानंतर बाजूला कोण बसलेलं आहे आणि ती काय म्हणते, त्यानं.

म्हणून गटात असं काही निघालं तर “सगळ्यांचंच असं असतं गं” म्हणून विषय मिटवू नका. ती मारहाणीबद्दल बोलत असेल तर तिथं कविता संपली आणि आपलं काम सुरू झालं. तिला विचारा, “तुला काय हवं आहे?” महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, जिवावर बेतलं असेल तर ११२ लावायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडं तक्रार करता येते. जायचं की नाही हे ती ठरवेल. सोबत कोण जाईल, हे गटानं ठरवायचं.

जिथं आपण सापडत नाही

आणखी एक गोष्ट. प्रत्येक कवितेत आपण सापडूच असं नाही. न सापडण्यातूनही काही कळतं.

जुन्या ओव्यांत मुलाचं कौतुक फार. भावाचंही फार. ज्या ताईला दोन मुलीच आहेत, ती हे ऐकून गप्प बसते. जिला मूल नाही, तिला तर तिथून उठून जावंसं वाटतं. टाकलेली बाई, विधवा बाई, लग्न न केलेली बाई हे सगळं ऐकून कुठं उभी राहणार? अशा वेळी “ही ओवी माझी नाही” असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. आणि मग विचारायचं, “तुझी ओवी कशी असती?”

आपल्या बायांनी हे केलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायांनी जात्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आणि रमाबाईंच्या ओव्या म्हटल्या. चाल जुनी, जातं जुनं, पण ओवीत आता नवी माणसं आली. जुन्या गाण्यात ज्यांच्या घरची गोष्ट नव्हती, त्यांनी गाण्यातच आपलं घर बांधलं.

कधी कधी कविता आजची आपण दाखवत नाही, उद्याची दाखवते. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ साली छापला गेला. पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. सावित्रीबाईंच्या कवितांत शिकण्याचा आग्रह आहे. त्या काळच्या मुलीला त्यांत आपलं रोजचं जगणं कमीच दिसलं असेल. पण पाटी घेऊन बसलेली एक मुलगी त्यांत होती. ती मुलगी आपण होऊ शकतो, हे दिसणंही सापडणंच आहे.

गटात कसं करायचं?

बैठकीत हिशोब झाला की वीस मिनिटं ठेवा. महिन्यातून एकदा पुरे.

एकीनं ओवी, अभंग किंवा कविता म्हणायची. वाचता येत नसेल तर पाठ असलेली म्हणा. गटात एखादी आजी असेल तर तिच्यापासून सुरुवात करा, तिचा मान मोठा. कुणाकडं स्मार्टफोन असेल तर ‘पारी’वरची ओवी ऐकवा. एकदा ऐकून भागत नाही, दोनदा ऐका.

मग “याचा अर्थ काय?” असं विचारू नका. त्यानं शाळा आठवते आणि तोंडं बंद होतात. विचारा, “तुम्ही यात कुठं थांबलात?” कुणी म्हणेल, विहिरीपाशी. कुणी म्हणेल, भाऊ आला तिथं. कुणी म्हणेल, कुठंच नाही. सगळी उत्तरं बरोबर.

तीन नियम मात्र आधी सांगून ठेवा. इथलं बोलणं इथंच राहील, नवऱ्याला किंवा जावेलाही सांगायचं नाही. जिला बोलायचं नाही तिला आग्रह करायचा नाही. आणि कुणी रडली तर तिला गप्प करायची घाई नको, पाण्याचा तांब्या पुढं करून जवळ बसायचं.

शेवटी एक काम. ज्या आजीनं ओवी म्हटली तिला विचारून ती फोनवर रेकॉर्ड करा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वहीत लिहून घ्या. आजीचं नाव, गाव आणि ती ओवी तिला कुणाकडून मिळाली, हेही लिहा. सोपानदेवांनी आईची गाणी उतरवून ठेवली, म्हणून आज ती आपल्यापर्यंत पोचली. आपल्या गावात अशा किती आज्या असतील, ज्यांची गाणी उतरवून घ्यायला घरात कुणी बसलेलंच नाही. त्या आज्या आहेत तोवरच हे काम होईल.

तुमच्या गटातल्या ओव्या आमच्या केंद्रावर आणून द्या, म्हणणाऱ्या आजीलाही सोबत घेऊन या. पुढच्या महिन्यात आम्ही त्या ऐकवू. भेटू पुन्हा. नमस्कार.